सेलेनियमची बाटली उघडायच्या आधी जरा ताटात बघा

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि आमची आई इतकी घाबरली की दादरच्या एका मेडिकलमधून सेलेनियम नावाच्या खनिजाच्या गोळ्याच घेऊन आली, का तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं की हे घेतलं की कॅन्सर होत नाही. तुमच्याकडे पण अशी बाटली आली असेल तर पहिलं काम, ती पलटी करा आणि मागचा आकडा वाचा. आमच्या बाटलीवर 200 मायक्रोग्रॅम होतं. आयसीएमआर, म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला 40 पुरतं.

हे 200 आलं कुठून, तर 1996 ला अमेरिकेत एक स्टडी आलेला, स्किन कॅन्सर होऊन गेलेल्या 1312 लोकांना एकतर रोज 200 ची गोळी नाहीतर खोटी गोळी, आणि स्किन कॅन्सर काही थांबला नाही पण प्रोस्टेटचा कमी दिसला, झालं, सगळीकडे गाजावाजा. मग तेच नीट तपासायला सिलेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, 35 हजारांवर पुरुष, आणि 2008 मध्ये गोळ्या मधेच बंद केल्या कारण फायदा काही दिसेना. वर नंतर कळलं की ज्यांच्या अंगात आधीच भरपूर सेलेनियम होतं त्यांच्यात गोळीमुळे घातक प्रकारच्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका उलट वाढला. फॉरवर्डवाले 1996 वरच थांबलेत.

शरीराला सेलेनियम लागतं हे खरंय, पेशींचं नुकसान रोखणारी काही एन्झाइम त्याच्याशिवाय बनत नाहीत, थायरॉइडला पण लागतं. पण पिंप भरल्यावर नळ चालू ठेवून काय होणार, बाथरूमभर पाणीच ना.

आता ताटाचा हिशोब. एका अंड्यात साधारण 15 मायक्रोग्रॅम. बांगडा 100 ग्रॅम खाल्लात तर 40 च्या आसपास, म्हणजे दिवसाचा कोटा तिथेच संपला, आणि कोळंबी, सुरमई, चिकन यातही चांगलं असतं. श्रावण पाळणारे किंवा शाकाहारी असाल तर चपाती, डाळी, पनीर, तीळ असं मिसळून खा, एकाच गोष्टीवर राहू नका, कारण धान्यातलं सेलेनियम ते कुठल्या मातीत पिकलं त्यावर ठरतं. आठवतंय ना, 2025 च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगावकडच्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडायला लागलेलं, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलेलं. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात, तोंडाला लसणासारखा वास येतो.

आणि हो, ते ब्राझील नट्स, क्रॉफर्ड मार्केटला ड्रायफ्रूटवाल्याकडे मिळतात ते, एकाच दाण्यात 70-90 मायक्रोग्रॅम असू शकतं, त्यामुळे शेंगदाण्यासारखे मूठभर तोंडात टाकू नका. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातही सेलेनियम असतं बरेचदा, सगळं मिळून 400 च्या वर रोज जायचं नाही, तेवढं तर अमेरिकेतले तज्ज्ञही चालवून घेत नाहीत.

घरात कुणाची केमो चालू असेल तर अशी कुठलीही गोळी कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. मावशीच्या डॉक्टरांनी बाटली बघितली, नको म्हणाले, आणि आईला उलट विचारलं, तुमची स्वतःची मॅमोग्राफी कधी झाली? झालीच नव्हती. पुढच्या सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये.