लॉग फाइलने डिस्क भरली? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

महिन्याची २० तारीख जवळ आली की रबाळे, महापे, तुर्भे, नाहीतर खाडीअलीकडे वागळे इस्टेट, कुठल्याही छोट्या कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात एक वाक्य कानावर येतं: "बिल सेव्हच होत नाहीये." जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची घाई, स्क्रीनवर ९००२ क्रमांकाची (लॉग भरल्याची) एरर, आणि सर्व्हर म्हणजे स्टोअररूममध्ये यूपीएसला खेटून ठेवलेला एक टॉवर. त्याची डी ड्राइव्ह उघडावी तर डेटाची फाइल आठ-नऊ जीबीची आणि शेजारची एलडीएफ, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची लॉग फाइल, दीड-दोनशे जीबीची. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बड्या कंपन्यांची डेटा सेंटर उभी आहेत; इथे मात्र कोणीतरी राइट क्लिक करून 'डिलीट' शोधत असतं.

तो हात आधी थांबवा. लॉग एवढा का फुगला याचं उत्तर सर्व्हर स्वतः देतो. विचारायला दोन मिनिटं लागतात, पण त्या गडबडीत कोणी विचारत नाही.

लॉगला कचरा समजणं

जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचा, मग सवडीने खतावणीत जायचा. एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचा डेटा साठवणारा भाग), या तिन्ही डेटाबेसांची पद्धत हीच: बदल आधी लॉगमध्ये, नंतर डेटा फाइलमध्ये. मध्येच वीज गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना लॉग वाचतो, पुरे झालेले व्यवहार डेटात उतरवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. म्हणजे कीर्द फाडली तर खतावणीचा भरवसा उरत नाही.

एसक्यूएल सर्व्हर चालू असताना एलडीएफ डिलीट होत नाही, म्हणून लोक सर्व्हिस बंद करून डिलीट करतात. डेटाबेस नीट बंद झाला असेल तर नशिबाने निभावतं. एखादा व्यवहार अधांतरी राहिला असेल तर डेटाबेस 'रिकव्हरी पेंडिंग' म्हणून अडून बसतो. मग इमर्जन्सी मोड, आणि त्यापुढे 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' हा पर्याय. डेटा जाऊ शकतो हे त्या पर्यायाच्या नावातच लिहिलंय, तरी लोक एंटर दाबतात.

पोस्टग्रेसमध्ये या लॉगच्या फोल्डरला पूर्वी पीजी_एक्सलॉग म्हणत. नावात 'लॉग' दिसला की डिस्क भरल्यावर लोक ते रिकामं करायचे आणि डेटाबेस उठायचाच नाही. असं इतकं घडलं की २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत त्याचं नावच पीजी_वॉल (वॉल म्हणजे 'राइट-अहेड लॉग') केलं. मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगच्या (डेटातल्या बदलांच्या नोंदीच्या) फाइलीही हाताने उडवू नयेत. त्यांची यादी एका इंडेक्स फाइलमध्ये असते, ती आणि डिस्क यांचा मेळ बसेनासा होतो. त्यासाठी 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही कमांड आहे.

अडवून कोण बसलंय, हे न विचारणं

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.डेटाबेसेस नावाचा व्ह्यू (वाचायचा तयार तक्ता) आहे. त्यातला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा कॉलम वाचा. लॉगमधली जुनी जागा पुन्हा का वापरता येत नाही, याचं कारण तिथे एका शब्दात लिहिलेलं असतं. माझ्या मते या विषयात पाठ करायची गोष्ट हीच एक. बाकी सगळं मॅन्युअलमध्ये सापडतं.

तिथे 'लॉग बॅकअप' असं दिसलं, आणि छोट्या कारखान्यांत बहुतेक वेळा तेच दिसतं, तर डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (लॉगचा बॅकअप होईपर्यंत लॉग राखून ठेवणाऱ्या पद्धतीत) आहे आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही. यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "बॅकअप तर रोज रात्री होतो की!" होतो, पण तो फुल बॅकअप. फुल बॅकअपने लॉग मोकळा होत नाही. तो मोकळा होतो लॉगच्या वेगळ्या बॅकअपने. रोज रात्री नेमाने फुल बॅकअप घेणाऱ्या कारखान्याचा लॉगही वर्षभर नुसता वाढत राहू शकतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीवर हा घोळ कुठून येतो तेही सांगतो. एक्सप्रेसमध्ये नवा डेटाबेस मुळात सिंपल मॉडेलमध्ये (लॉगची जागा आपोआप मोकळी होते, पण लॉगचा बॅकअप घेता येत नाही) तयार होतो. पण ईआरपी बसवणारा मुलगा नवा डेटाबेस करतो कुठे? तो आपल्या ऑफिसातल्या मशीनवरचा तयार डेटाबेस बॅकअपमधून रिस्टोअर करतो, आणि बॅकअपबरोबर फुल मॉडेलही येतं. त्यात एक्सप्रेसला एसक्यूएल एजंट नसतो, म्हणजे वेळापत्रक लावायची आतली सोय नाही. शिवाय २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसला असलेली १० जीबीची मर्यादा फक्त डेटा फाइलला लागू होते, लॉगला नाही. त्यामुळे वाढणाऱ्या लॉगला डिस्क संपेपर्यंत कोणी अडवत नाही. इलाज साधा आहे: लॉग बॅकअपची कमांड एका स्क्रिप्टमध्ये लिहायची आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर दर पंधरा-वीस मिनिटांनी चालवायची. ते बॅकअप मात्र दुसऱ्या डिस्कवर किंवा नासवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर) जाऊ द्या. त्याच डी ड्राइव्हवर टाकलेत तर महिन्याभराने ती पुन्हा भरेल, आणि डिस्क गेली तर डेटाबेस आणि बॅकअप दोन्ही एकदम जातील.

सरळ सिंपल मॉडेल करून टाकलं तर? चालेल, पण हा निर्णय आयटीवाल्याने एकट्याने घ्यायचा नाही. मालकाला विचारा: "साहेब, दुपारी चारला डिस्क गेली तर सकाळपासूनची चलनं आणि बिलं पुन्हा हाताने टाकायची तयारी आहे का?" दिवसाला वीस बिलं करणारा वर्कशॉपवाला बिनधास्त हो म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. वाशीच्या एपीएमसीत पहाटेपासून गाड्या उतरवून घेणाऱ्या गाळ्यावर हे उत्तर वेगळं येईल. आणि एकदा सिंपल करून परत फुलवर आलात तर लॉग बॅकअपची साखळी तुटलेली असते. लगेच एक फुल किंवा डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलं तेवढंच घेणारा) बॅकअप घ्या, नाहीतर पुढचे लॉग बॅकअप सुरूच होणार नाहीत.

कॉलममध्ये 'अॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं तर डीबीसीसी ओपनट्रान चालवा. सर्वांत जुना उघडा व्यवहार कोणाचा आणि कधीपासून, ते कळतं. पुष्कळदा कोणीतरी मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये 'बिगिन ट्रान' लिहून एक अपडेट मारलेला असतो आणि कमिट (व्यवहार पक्का) न करता जेवायला गेलेलं असतं. त्याला हाक मारून कमिट किंवा रोलबॅक (व्यवहार मागे घेणं) करायला लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नाइलाजाने सेशन किल केलंत तर रोलबॅक चालू होईल आणि मोठ्या व्यवहाराच्या रोलबॅकला वेळ लागतो. "अजून होईना" म्हणून त्यात सर्व्हर रीस्टार्ट करू नका. उरलेला रोलबॅक सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही करावाच लागतो, वर तेवढा वेळ डेटाबेस कोणालाच उघडता येत नाही असंही होतं. आधी फक्त लॉग भरला होता, आता कामच बंद.

कॉलममध्ये 'रेप्लिकेशन' (डेटाची प्रत, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्या सर्व्हरवर चालू ठेवणं) हा शब्द पाहून लोक गोंधळतात, कारण त्यांच्याकडे रेप्लिकेशन नसतंच. चेंज डेटा कॅप्चर (डेटातले बदल टिपून ठेवणारी सोय) चालू असलं आणि त्याचा लॉग वाचणारा जॉब बंद पडला, तरी हेच कारण दिसतं. दुसऱ्या सर्व्हरवरून आणलेल्या डेटाबेसमध्ये रेप्लिकेशनचे जुने अवशेष राहिले असले, तरीही हेच दिसतं.

रोज रात्री श्रिंक

लॉग बॅकअपने फाइलच्या आतली जागा मोकळी होते, फाइलचा आकार तेवढाच राहतो. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, "बॅकअप घेतला तरी फाइल दोनशे जीबीचीच आहे, म्हणजे काही उपयोग झाला नाही." डीबीसीसी एसक्यूएलपर्फ लॉगस्पेस चालवून वापरलेली टक्केवारी बघा. ती दोन-तीनवर आली असेल तर काम झालंय.

आता एकदा श्रिंक करायला, म्हणजे फाइल आकसवायला, हरकत नाही. पण ते एकदाच, आणि शून्यावर आणायचं नाही, कामाला पुरेल एवढ्या आकारावर आणायचं. फाइल शेवटाकडून कापली जाते. लॉगचा चालू भाग नेमका शेवटी असेल तर पहिल्या खेपेला काही कमी होत नाही. अजून एक लॉग बॅकअप घेऊन पुन्हा करा.

रोज रात्री श्रिंकचा जॉब लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. सकाळी कामाला लागलेला लॉग पुन्हा वाढतो, आणि वाढताना नवी जागा शून्यांनी भरून घेतो. डेटा फाइलला यातून सवलत मिळू शकते, लॉगला ती जवळजवळ नाहीच. २०२२ च्या आवृत्तीत ६४ एमबीपर्यंतच्या आपोआप वाढीपुरती दिली आहे. वाढ पुरी होईतोवर लिहिणारे सगळे खोळंबतात. २०१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत लॉगची वाढ मुळात १० टक्क्यांवर लावलेली असायची, आणि अपग्रेड झालेल्या जुन्या डेटाबेसांत ती अजून तशीच सापडते. दोनशे जीबीचे दहा टक्के म्हणजे वीस जीबी, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर, भर दुपारी. टक्के काढून टाका आणि ५१२ एमबी किंवा १ जीबी असा ठरलेला आकडा लिहा. उलट टोकालाही जाऊ नका. एकेक एमबीने वाढवलेल्या लॉगचे आत हजारो तुकडे होतात आणि सर्व्हर सुरू होताना रिकव्हरी रेंगाळते.

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत 'विथ ट्रंकेट ओन्ली' नावाचा रामबाण सापडेल. तो २००८ च्या आवृत्तीतच काढून टाकलाय. त्याच्या जागी काही जण लॉगचा बॅकअप 'नल'वर घेतात. सर्व्हरच्या दृष्टीने बॅकअप झाला, प्रत्यक्षात तो हवेत गेला. त्या क्षणानंतर नवा फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप घेतला नाहीत तर पुढचे सगळे लॉग बॅकअप निरुपयोगी.

रविवारचा जॉब

हा खास आपल्याकडचा घोळ. फुल मॉडेलमध्ये इंडेक्स रीबिल्ड (शोध जलद करणाऱ्या सूच्या नव्याने बांधणं) पूर्णपणे लॉगमध्ये लिहिला जातो. सगळ्या टेबलांचा रीबिल्ड एका दमात केला तर लॉग डेटाच्या आकाराइतका सहज फुगतो. हाती आलेल्या स्क्रिप्टमध्ये वेळ लिहिलेली असते रविवारची, कारण लिहिणाऱ्याची सुट्टी रविवारी. इथल्या ज्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते, तिथे रविवारी तिन्ही पाळ्या चालू असतात. जॉब शुक्रवारवर आणा, तेवढ्या काळात लॉग बॅकअप पाच मिनिटांवर करा, आणि ज्या इंडेक्सला गरज आहे त्यालाच हात लावा. जुने रेकॉर्ड डिलीट करतानाही हेच. पाच वर्षांचा डेटा एका डिलीटमध्ये उडवू नका. पाच-पाच हजार ओळींच्या खेपा करा आणि मध्येमध्ये लॉग बॅकअप होऊ द्या.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस

मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग आपोआप चालू असतो आणि ३० दिवस राहतो. ५.७ मध्ये तो चालू केलात तर मुदतच नसते, म्हणजे कायम साठत जातो. मुदत कमी करण्याआधी रेप्लिका कुठल्या फाइलपर्यंत पोचलाय ते बघा. न वाचलेली फाइल पुसलीत तर रेप्लिका नव्याने उभा करावा लागेल.

पोस्टग्रेसमध्ये मुख्य संशयित दोन. बंद पडलेल्या रेप्लिकाचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याने न वाचलेला लॉग राखून ठेवणारी खूण), किंवा लॉगच्या फाइली दुसरीकडे साठवणारी पण अपयशी ठरणारी आर्काइव्ह कमांड (नास बंद आहे, पासवर्ड बदललाय, वगैरे). मॅक्स_वॉल_साइज १ जीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती कडक मर्यादा नाही. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये निष्क्रिय स्लॉट दिसला आणि तो रेप्लिका खरंच नको असेल तर स्लॉट काढून टाका. १३ व्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज देऊन मर्यादा घालता येते, पण ती आपण द्यावी लागते.

पुसता येणारे लॉग, तेही बेताने

एरर लॉग, स्लो क्वेरी लॉग, जनरल लॉग या साध्या मजकुराच्या फाइली. मायएसक्यूएलचा जनरल लॉग कोणीतरी तपासणीसाठी चालू करतं आणि विसरतं. तो प्रत्येक क्वेरी लिहीत बसतो. लिनक्सवर अशी फाइल 'आरएम' केल्यावरही जागा सुटत नाही, कारण सर्व्हरने ती उघडी धरलेली असते. डीएफ (डिस्कवर वापरलेली जागा) आणि डीयू (फाइलींनी व्यापलेली जागा) या कमांडांचे आकडे जुळत नसतील तर हेच झालंय. फ्लश लॉग्ज द्या, आणि पुढे लॉगरोटेट (ठरावीक काळाने लॉगची फाइल बदलणारं साधन) लावा. एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग एसपी_सायकल_एररलॉगने नवा सुरू करता येतो.

मात्र सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. त्यामुळे ऑडिट आणि लॉगिनचे लॉग पुसायचे नाहीत, झिप करून दुसऱ्या डिस्कवर हलवायचे.

डिस्क पूर्ण भरलीय आणि मॅडम शेजारी उभ्या आहेत

आधी त्या ड्राइव्हवरच्या इतर गोष्टी हलवा. जुन्या बॅकअपच्या फाइली, इन्स्टॉलरच्या झिप, कोणाचे तरी लग्नाचे फोटो. एक-दोन जीबी मिळाले तरी सर्व्हर श्वास घेतो. काहीच हलवता येत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर डेटाबेसची दुसरी लॉग फाइल जोडा. काम लगेच सुरू होतं, बिल सेव्ह होतं. मग वर सांगितलेला कॉलम वाचा, कारण दूर करा, लॉग बॅकअप घ्या, मूळ फाइल एकदा श्रिंक करा आणि जोडलेली फाइल रिकामी झाल्यावर काढून टाका. दोन लॉग फाइली ठेवल्याने वेग वाढत नाही, सर्व्हर त्या एकामागून एकच वापरतो.

जाण्याआधी डिस्क ८० टक्क्यांवर गेली की ईमेल जाईल असा अलर्ट लावा, आणि तो कोणाच्या पत्त्यावर जातोय ते स्वतः उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षं जात असतो.