फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हणून रंगरंगोटी? आधी या चुका टाळा

तपासणीची कुणकुण लागली की एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत एकच धांदल उडते. जमिनीवर पिवळे पट्टे मारले जातात, स्टोअरमधली हेल्मेटं बाहेर निघतात, वर्षभराची रजिस्टरं एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जातात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना हे नवं नसतं; ओल्या रंगाचा वास त्यांनाही येतो. शेरे बसतात ते बहुधा कागद आणि शॉपफ्लोअर यांचा मेळ न बसल्यामुळे.

पॉवर प्रेसपासून (पत्रा दाबून कापणाऱ्या, वाकवणाऱ्या मशीनपासून) सुरुवात करू, कारण बोटं तिथेच जातात. गार्ड (हात आत जाऊ न देणारं कवच) असतो, पण काढून भिंतीला टेकवलेला. सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं: "कामगार ऐकत नाहीत." तो का काढतो, हे मात्र कुणी विचारत नाही. डाय (साचा) सेट करताना बोल्ट सोडवत बसावं लागतं, किंवा गार्डमधून हाताने पीस बसवता येत नाही आणि पीसरेट (नगावर मिळणारी मजुरी) बुडतो. तिथे नोटीस लावून काय होणार? बिजागरीचा, इंटरलॉकचा (उघडा असेल तर मशीन चालू न देणारा) गार्ड बसवा आणि पीस सरकवायला फीडर द्या. दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांची प्रेस असेल तर रात्रपाळीत जाऊन बघा, एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं सापडेल. प्रत्येक स्ट्रोकनंतर (प्रेसच्या फटक्यानंतर) दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडणार नाही, अशी कंट्रोलची रचना हवी. शिवाय ही बटणं फक्त चालवणाऱ्याचे हात वाचवतात, शेजारच्या हेल्परचे नाहीत. जुन्या की-क्लच प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्येच थांबत नाही. तिथे बटणांवर भरवसाच नको, हात आत जाणारच नाही असा बंदिस्त गार्ड लागतो.

दुसरी चूक चेन पुली (साखळीने ओझं उचलायचं साधन) आणि क्रेनची. सक्षम व्यक्तीचं (अशा तपासणीची मान्यता असलेल्या तज्ज्ञाचं) प्रमाणपत्र फाइलमध्ये असतं, त्यावर चेन पुलीचा नंबरही असतो, पण प्रत्यक्ष पुलीवर कसलाच नंबर नाही. मग तपासली ती हीच, कशावरून? नंबर पंच करा, किती टन उचलायचं ते ठळक लिहा, हुकाचं लॅच (ओझं निसटू न देणारी खिट्टी) तुटलं असेल तर पुली बाजूला काढा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिफ्टची तपासणी दर ६ महिन्यांनी आणि क्रेन, चेन, दोरांची निदान १२ महिन्यांतून एकदा सांगितली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली, म्हणजे जुन्या तपासण्या संपल्या, असा सोयीस्कर अर्थ काही मालकांनी काढला. तसं नाही. नवी व्यवस्था बसेपर्यंत संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम चालूच राहतात.

सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवताना तर कुणाला कागद आठवतच नाही. आत हवा तपासलेली नसते, हातात २३० व्होल्टचा दिवा. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघंही जातात. हवेची तपासणी, लेखी परवाना, पट्टा-दोर आणि वर थांबणारा माणूस याशिवाय झाकण उघडू नका. आतला हातदिवा जास्तीत जास्त २४ व्होल्टचा.

ठेकेदाराच्या माणसांची हजेरी, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, विझवणी यंत्रांच्या तारखा: या गोष्टी दर महिन्याला बघितल्या तर फार वेळ खात नाहीत.

अपघात लपवणं मात्र अंगाशी येतं. जखमी कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं. ईएसआयकडे (कामगार राज्य विम्याकडे) अपघाताचा अर्ज गेलेला आणि इथे रजिस्टर कोरं, हे पकडायला फार हुशारी लागत नाही.

आणि शेरा आलाच, तर "पूर्तता केली" एवढ्या दोन शब्दांचं उत्तर पाठवू नका. मुद्दानिहाय लिहा, बसवलेल्या गार्डचा फोटो आणि चाचणीची प्रत जोडा. जे काम मुदतीत होणार नाही, त्याची ऑर्डर दाखवून वेळ मागा आणि तोवर ते मशीन बंद ठेवा.