ट्यूडर इतिहासात नव्याने शिरताय? या चुका टाळा

ट्यूडर घराण्याने इंग्लंडवर १४८५ ते १६०३ अशी ११८ वर्षं राज्य केलं. गादीवर बसलेली माणसं पाच; जेन ग्रेचे १५५३ मधले नऊ दिवस धरले तर सहा. मामला आटोपशीर वाटतो, म्हणून नवखा वाचक एखादी मालिका संपवतो आणि थेट जाणकारांशी वाद घालायला बसतो. मग तोंडघशी पडतो, तेही ठरावीक जागीच.

तारखा जुळत नाहीत. इंग्लंडमध्ये तेव्हा कागदोपत्री साल २५ मार्चला बदलायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस मागच्या सालात जमा. आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन ७ जानेवारी १५३६ रोजी वारली. त्या हिशेबाने साल पडतं १५३५. हे ठाऊक नसेल, तर जुलै १५३५ मध्ये शिरच्छेद झालेला हेन्रीचा माजी मंत्री थॉमस मोर तिच्यानंतर गेला असं वाटतं. कायद्यांवर तर राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. आठव्या हेन्रीचं मोजायचं ते २२ एप्रिल १५०९ पासून, म्हणजे सत्ताविसावं वर्ष एप्रिल १५३५ ते एप्रिल १५३६. टिपणात १५३५/३६ असं जोडसाल लिहिलं की घोळ मिटतो.

कोण कुठला थॉमस? वुल्झी, मोर, क्रॉमवेल, क्रॅनमर हे हेन्रीच्या कारभारातले बडे लोक, सगळेच थॉमस. त्यात नॉरफोकचे ड्यूक म्हणून ओळीने तीन थॉमस हॉवर्ड येतात: १५१३ ची फ्लॉडनची लढाई जिंकणारा दुसरा ड्यूक, हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन हिचा मामा आणि पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड हिचा काका असलेला तिसरा, आणि १५७२ मध्ये शिरच्छेद झालेला चौथा. नुसतं ‘नॉरफोक म्हणाला’ असं लिहू नका, साल जोडा. आणि राजाचं डोकं उडवणारा क्रॉमवेल तो ऑलिव्हर, पुढच्या शतकातला.

ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून मांडणं. सगळ्यात जास्त फजिती इथे होते. ॲन बोलीनच्या हाताला सहावं बोट होतं, ही गोष्ट घ्या. ती पसरवली निकोलस सँडरने. हा कॅथलिक निर्वासित, ॲनच्या मुलीचा, एलिझाबेथचा कट्टर विरोधक. १९ मे १५३६ रोजी ॲनचा शिरच्छेद झाला तेव्हा तो लहान मूल होता, आणि त्याचं पुस्तक छापलं गेलं १५८५ मध्ये. शिवकालाचं समकालीन पत्र आणि शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेली चिटणीस बखर आपण एका तराजूत घालत नाही. तीच शिस्त इथे लावा.

मात्र समकालीन म्हणजे निष्पक्ष, असंही नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजदूत शापुई ॲनला पत्रांतून सरळ रखेल म्हणतो. चार्ल्स हा कॅथरीनचा भाचा, तेव्हा शापुई कोणाचं मीठ खात होता ते उघड आहे. म्हणून त्याची पत्रं बाजूला सारणारे नवखे मला जास्त खटकतात. कारण व्यभिचाराच्या आरोपात ॲनबरोबर अडकवलेल्या पुरुषांपैकी संगीतकार मार्क स्मीटन सोडून बाकीच्यांना ठोस पुराव्याविना दोषी ठरवलं, हे याच शापुईने लिहून ठेवलंय. वैऱ्याच्या तोंडून आलेली अशी कबुली लाखमोलाची.

‘हेन्री प्रोटेस्टंट झाला.’ नाही. त्याने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली, पण १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याने धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य कायम ठेवलं. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्याने तीन प्रोटेस्टंटांना जाळलं आणि तीन कॅथलिकांना फाशी दिलं, एकाच दिवशी. या माणसाला एका पंथाच्या खणात बसवायला जाऊ नका.

फक्त राजवाड्याकडे बघणं. सहा राण्यांच्या पलीकडेही ट्यूडर माणसं होती, आणि त्यांतली काही थेट आपल्याकडे आली. थॉमस स्टीफन्स (हो, आणखी एक थॉमस) हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला. १५८३ मध्ये व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज सोबती तिथे पोर्तुगीजांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी खटपट करणाऱ्यांत हा होता. १६१६ मध्ये छापलेलं मराठी ‘क्रिस्तपुराण’ त्याचंच.