पुरानंतर पावसाला घाबरणाऱ्या मुलांना कसं सावरायचं

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये पाणी घरांत शिरलं. अशा रात्रीनंतर घरातले लोक मुलाला बोलतं करायला बघतात. कृपा करून ते करू नका. जबरीनं सगळं पुन्हा सांगायला लावलं तर त्रास उलट वाढू शकतो.

आधी जेवण, झोप आणि शाळा ठरल्या वेळेवर आणा. रात्री कुणीतरी जवळ झोपा. पुराचे व्हिडिओ बंद करा. पाच वर्षांच्या मुलाला तेच पाणी पुन्हा आल्यासारखं वाटतं. अंथरूण ओलं झालं तर रागावू नका, मेणकापड घाला. लहान मुलांना बरेचदा वाटतं की आपल्याच खोडीमुळे हे घडलं. त्यांनी विचारायची वाट न बघता "यात तुझी काहीच चूक नाही" हे स्पष्ट सांगा. कुणी दगावलं असेल तर "झोपलेत" म्हणू नका, मूल स्वतः झोपायला घाबरू लागतं.

मूल बादलीत खेळण्यातली गाडी परत परत बुडवत असेल तर बुडवू द्या. घडलेलं ते असंच पचवतं. पण खेळ कित्येक दिवस तिथंच अडकला आणि खेळून झाल्यावरही मूल घाबरलेलंच राहिलं, तर शेजारी बसून विचारा, "आता हिला बाहेर कोण काढणार?"

पावसाची भीती पायरीपायरीनं घालवावी लागते. रिमझिम असताना आधी खिडकीतून बघणं, मग बाल्कनीत हात भिजवणं, मग छत्री घेऊन गेटपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा. इथंच बहुतेकांचं चुकतं: मूल रडलं की लगेच आत नेतात आणि पळाल्यानंच वाचलो हे त्याच्या मनात बसतं. म्हणून पायरीच इतकी छोटी ठेवा की त्याला ती झेपेल. पोटावर हात ठेवून चार मोजत श्वास घेणं, सहा मोजत सोडणं हे आधी शांत वेळी शिकवा. ऐन भीतीत नवीन काही शिकता येत नाही.

दहावी-बारावीतली मुलं गप्प होतात, चिडतात, रात्रभर मोबाइल बघतात. "मी आजीला आधी उचलायला हवं होतं" असा अपराधीपणा आत असतो. समोर बसवून चौकशी करू नका. गाडीवर जाताना, भाजी निवडताना ती आपणहून बोलतात.

महिना उलटूनही वाईट स्वप्नं, दचकणं, शाळा टाळणं चालूच असेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात न्या. आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार साधारण १२ ते १६ बैठकांचे असतात आणि त्यात आईबाबांनाही बसवतात. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणू नका. मूल मरण्याची भाषा बोललं तर महिना बघायचा नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास चालू असतो, तिथं मराठीत बोलता येतं.