स्वस्तातली जुनी झूम लेन्स: घेण्यापासून फोटो सावरण्यापर्यंत

भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलं की पहिल्या दहा मिनिटांतच कळतं, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्समध्ये तो गुलाबी ठिपक्याएवढाच येतो. मग घरी आल्यावर जुन्या ७५-३०० किंवा ७०-३०० मिमी झूम लेन्सची शोधाशोध सुरू होते. यातल्या स्वस्त लेन्समध्ये इमेज स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नसतं आणि ३०० मिमीला चित्र जरा मऊ येतं. एवढं चालवून घेता येतं. काय चालवून घ्यायचं नाही, ते मात्र पैसे देण्याआधीच बघा.

दुकानात लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून डोकवा. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही. पण कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती सहज धरते. अशी लेन्स मुकाट परत ठेवा. त्यानंतर ती आपल्याच कॅमेऱ्याला लावून, रस्त्यापलीकडच्या पाटीसमोर सरळ उभं राहून फोटो काढा. डावीकडची अक्षरं ठसठशीत आणि उजवीकडची पुसट आली, तर आतली काच जागची हललेली असण्याची शक्यता मोठी. यावर एडिटिंगचा इलाज नाही. निकॉनवाल्यांनी आणखी एक बघायचं: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. लेन्सवर ‘एएफ-एस’ऐवजी नुसतं ‘एएफ’ लिहिलेलं असेल तर फोकस हातानेच करावा लागेल.

आता फोटो काढताना. रंग, कॉन्ट्रास्ट, फोटोतले दाणे (नॉइज) हे सगळं नंतर सावरता येतं. हललेला आणि फोकस चुकलेला फोटो नाही. म्हणून सगळी काळजी त्या दोन गोष्टींची. ३०० मिमीला कॅननच्या क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) १.६ गुणक लावला की ४८० होतात; शटरचा वेग साधारण ‘एक भागिले हा आकडा’ इतका तरी हवा, म्हणजे किमान १/५०० सेकंद. उडत्या पक्ष्याला १/१६००च्या खाली येऊच नका. माझ्या पहिल्या फेरीत मी आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता; वाढवली की दाणे येतात) वाढवायला घाबरून १/२०० वर अडून बसलो आणि दिवसभरातले जेमतेम दहा फोटो हाती लागले. आयएसओ ८००, १६०० खुशाल जाऊ द्या. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/८ ठेवा, शक्य असेल तर झूम २५० वरच थांबवा. तेवढ्यानेही फरक दिसतो. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच) काढा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा कॅमेरा ठेवून पिठलं-भाकरी खावी.

एडिटिंगसाठी लाइटरूम हे विकतचं सॉफ्टवेअर हवंच असं नाही, डार्कटेबल फुकट आहे. माझा एक फोटो घ्या: वाळक्या बाभळीवर राखी बगळा, मागे पांढुरकं आकाश. फांदीच्या एका कडेला जांभळी रेघ, दुसरीकडे हिरवी. या रंगीत रेघा म्हणजे लेन्सचा दोष; आधी लेन्स करेक्शनमध्ये क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन काढून टाका. तरी जांभळं उरलंच तर डीफ्रिंज (कडेचा रंग पुसणारी सोय), पण बेताने, नाहीतर मूळ जांभळ्या रंगाच्या वस्तूंच्या कडाही राखाडी पडतात.

मग ब्लॅक्स (सगळ्यात गडद भागांचा स्लायडर) खाली ओढा. स्वस्त लेन्सचा फोटो दुधाळ दिसतो तो बऱ्याचदा याच कारणाने, काळं काळं नसतं. डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) अगदी थोडं. जास्त केलं की आकाश मळकं होतं.

दाणे शार्पनिंगच्या आधी कमी करा, म्हणजे ते धारदार होऊन वर येणार नाहीत. शार्पनिंग करताना लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवा. स्क्रीन काळी-पांढरी होते आणि पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं. आकाश पूर्ण काळं होऊन बगळ्याचा डोळा, चोच आणि मानेवरच्या काळ्या रेघा उरल्या की थांबा.

शेवटी मोबाइलवर पाठवायची प्रत २००० पिक्सेल रुंद करा. मूळ फोटो ६००० पिक्सेलचा असेल तर नवाचा एक पिक्सेल होतो आणि उरलासुरला मऊपणा त्यात मुरतो. छापायचा असेल तर मूळ आकाराचीच फाइल द्या. माझा बगळा ए४ वर छान आला, ए३ वर मात्र पिसांची लापशी झाली.