अभ्यासकाच्या उल्लेखनीयतेवर चर्चा कशी करावी

इंग्रजी विकिपीडियावर एखाद्या प्राध्यापकाचे पान वगळण्याचा प्रस्ताव आला की चर्चा साधारण सात दिवस खुली राहते. त्यातला बराच वेळ ‘गूगलवर भरपूर निकाल येतात’ किंवा ‘फार विद्वान माणूस आहे’ अशा मतांत वाया जातो. निकालांच्या संख्येने काहीच सिद्ध होत नाही आणि विद्वत्तेवर तर कोणी शंका घेतलेलीच नसते. या व्यक्तीच्या कामाची दखल तिच्याशी संबंध नसलेल्यांनी घेतली आहे काय आणि ते दाखवता येते काय, एवढाच उल्लेखनीयतेचा प्रश्न असतो.

सर्वप्रथम अभ्यासकांसाठीचे स्वतंत्र निकष वाचावेत. ते आठ आहेत आणि त्यांपैकी एक पूर्ण झाला तरी पुरते. रॉयल सोसायटीची फेलोशिप, मोठ्या विद्यापीठाचे कुलगुरूपद किंवा नामांकित नियतकालिकाचे मुख्य संपादकपद असेल, तर ते संदर्भासह एका ओळीत सांगून थांबावे. वर्गणी भरून मिळणारे आजीव सदस्यत्व मात्र यात मोजू नये. मे २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलँड यांच्यावरील मसुदा पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला आणि २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्यावर गदारोळ खूप झाला; पण २०१३ साली त्या ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशविज्ञानाच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या आणि पदाच्या निकषावर तेवढा एक मुद्दाही मांडता आला असता.

असे पद वा सन्मान नसेल, तर विषयावरील प्रभावाचा निकष उरतो आणि खरी कसोटी इथेच लागते. मलाही सुरुवातीला हाच टप्पा अडला होता. बहुतेक जण गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावरचा एच-निर्देशांक चर्चेत फेकतात आणि निकाल लागला असे समजतात. हा निर्देशांक वीस असणे म्हणजे किमान वीस उद्धरणे, म्हणजे इतर लेखांतून आलेले संदर्भ, मिळालेले वीस लेख असणे, इतकेच. जैववैद्यकात सामान्य ठरणारा आकडा शुद्ध गणितात भरघोस ठरू शकतो. म्हणून तुलना त्याच उपशाखेतल्या, साधारण तेवढ्याच ज्येष्ठतेच्या अभ्यासकांशी करावी. सहलेखकही मोजावेत, कारण हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५ सालच्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्याची उद्धरणे कोणा एकाच्या खात्यावर मांडणे हास्यास्पद आहे.

नावांचा घोळ तर आपल्याकडे नेहमीचाच. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. जोशी’ या नावाखाली मृदाशास्त्र, दंतवैद्यक आणि संगणकशास्त्र एकत्र नांदत असतात. वरचे पाच लेख उघडून संस्था, वर्ष आणि सहलेखक जुळवून पाहिल्याशिवाय एकही आकडा लिहू नये. पुढे उद्धृत करणारे लेखही उघडावेत. कंसातल्या चौदा संदर्भांच्या गठ्ठ्यात आलेले नाव आणि परिच्छेदभर तपासलेला युक्तिवाद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखकाने स्वतःचीच दिलेली उद्धरणे सरळ वजा करावीत.

मराठीत लिहिणाऱ्या इतिहासकाराला किंवा भाषाभ्यासकाला ही उद्धरणांची मोजपट्टी लावणे मला साफ अमान्य आहे, कारण त्यांची पुस्तके उद्धृत करणारे लेखन गूगल स्कॉलरसारख्या यंत्रणेत क्वचितच पोचते. तिथे परीक्षणे शोधावीत. ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘भाषा आणि जीवन’ यांचे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळावे लागतात, त्याला इलाज नाही. प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, व्याख्यानाची बातमी आणि शिष्याने लिहिलेला मृत्युलेख स्वतंत्र संदर्भ ठरत नाहीत. गौरवग्रंथाबाबत मी कडक आहे: भारावलेले लेख बाजूला ठेवावेत आणि अभ्यासकाच्या मतांशी वाद घालणारा एखादा लेख असेल तर तेवढाच घ्यावा.

मत लिहिताना ‘ठेवावे’ या शब्दापुढे निकष, मग नियतकालिक, वर्ष, पृष्ठ आणि परीक्षणकर्त्याचे म्हणणे एका वाक्यात द्यावे. निर्णय देणारा प्रचालक डोकी मोजत नाही, युक्तिवाद तोलतो; त्यामुळे विद्यार्थ्यांची फौज बोलावल्याने पान वाचत नाही, उलट संशय वाढतो. संबंधित व्यक्ती आपले गुरू वा नातेवाईक असतील तर ते आधीच सांगावे.

शोधूनही काही मिळाले नाही, तर ‘वगळावे’ असे स्पष्ट लिहावे आणि मजकूर मसुद्यात हलवण्याची विनंती करावी, म्हणजे पुढे परीक्षणे सापडल्यास पान नव्याने मांडता येते.