स्लीव्ह किंवा बायपासनंतर पोट बिघडलं? आधी घड्याळ बघा

वजन कमी करायचं स्लीव्ह किंवा बायपास ऑपरेशन झालं की डिस्चार्जच्या वेळी डायटचा कागद मिळतो, कधी काय खायचं ते सगळं असतं त्यात, पण खाल्ल्यावर काहीतरी बिनसलं तर ते नेमकं काय आहे हे कळत नाही आणि मग आपण सगळ्यालाच "गॅस झालाय" म्हणून मोकळे होतो. आई ओवा चावायला देते, शेजारच्या काकू सोडा पी म्हणतात. माझी स्लीव्ह झालीय आणि बहिणीची बायपास, त्यामुळे आमच्या घरात या विषयावर जेवढी चर्चा होते तेवढी राजकारणावरही होत नाही. त्यातून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की काय खाल्लं ते नंतर आठवा, त्रास खाल्ल्यावर किती वेळाने सुरू झाला ते आधी बघा, अर्धा उलगडा तिथेच होतो.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते एक अरुंद नळी. बायपासमध्ये वर ३० मिलीच्या आसपासची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. म्हणजे अन्न थांबायला जागा नाही, शिवाय ते आतड्यात किती वेगात उतरणार यावरचा ताबाही कमी झाला. बहुतेक त्रास या दोनातूनच येतात.

जेवता जेवताच त्रास झाला तर घास अडकलाय. छातीच्या मधल्या हाडामागे दाब येतो, तोंडात फेसाळ लाळ भरायला लागते आणि कधी कधी नाकही गळतं. अशा वेळी घरचे पाण्याचा ग्लास पुढे करतात, तो घेऊ नका, खाली वाटच बंद आहे तर पाणी वरच साचतं आणि फेसासकट परत येतं. ताट बाजूला करायचं, उठून हळूहळू फिरायचं, लाळ गिळण्यापेक्षा थुंकून टाकायची, आणि मोकळं झाल्यावर पुढचं एखादं जेवण फक्त पातळ घ्यायचं, मुगाचं कढण किंवा ताक. यात सगळ्यात जास्त त्रास कोण देतं तर चपाती! मऊ असते म्हणून सोपी वाटते पण चावली की तिचा चिकट गोळा होतो. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी वरणात नीट कुस्करून घेतलेली बरी, अर्थात सॉलिड म्हणजे घट्ट अन्न सुरू झाल्यावरच. कोरडं चिकन आणि फडफडीत भातही असेच, रस्सा हवा सोबत. जेवायला चहाचा चमचा घ्या, घासाची पार पेस्ट होईपर्यंत चावा, वाटीभर जेवायला २०-३० मिनिटं द्या, जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तासही नाही. एवढं करूनही रोज अडकत असेल किंवा साधं पाणीसुद्धा खाली उतरत नसेल तर नळी किंवा जोड आकसलेला असू शकतो. तो दुर्बिणीने बघून फुग्याने मोठा करता येतो, म्हणून उगाच महिनोन् महिने सोसू नका.

जेवणानंतर १० ते ३० मिनिटांत त्रास झाला तर ते बहुतेक डम्पिंग. गोड किंवा तेलकट माल एकदम आतड्यात ओतला जातो, आतडं तिकडे पाणी ओढून घेतं, मग धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा आणि संडासकडे धाव. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घ्या, साखर, तूप, रवा तिन्ही एकत्र, आणि वर कुणीतरी तीर्थ देणार! बहिणीला दोन चमच्यांत आडवं व्हावं लागतं. मला स्लीव्हमुळे तेवढं होत नाही पण अजिबात होत नाही असंही नाही. झालंच तर अर्धा तास पडून राहायचं, ओसरतं ते. टाळायचं असेल तर आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, पनीर, मासा, घट्ट डाळ, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तर भाकरी. प्रसादाला नाही म्हणवत नसेल तर जेवण झाल्यावर चिमूटभर घ्या, रिकाम्या पोटी नको. आमरस आणि उसाचा रस मात्र सोडलेलाच बरा.

एक ते तीन तासांनी हातपाय गळाले, थरथर सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो प्रकार वेगळा, साखर एकदम चढल्यामुळे इन्सुलिन जास्त सुटलं आणि मग साखर खाली आली. हे ऑपरेशननंतर वर्षभरानेही सुरू होऊ शकतं. ग्लुकोमीटर असेल तर तेव्हाच बोट टोचून आकडा लिहून ठेवा, ७० च्या खाली असेल तर थोडं ग्लुकोज घ्यावंच लागतं पण त्यापाठोपाठ पनीर किंवा अंडं खा, नुसत्या गोडावर राहिलात की थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि असं होत असेल तर डॉक्टरांना सांगायचंच, विशेषतः गाडी चालवत असाल किंवा डायबेटिसच्या गोळ्या अजून चालू असतील तर.

रात्री आडवं झाल्यावर घशाशी आंबट येणं ही आम्हा स्लीव्हवाल्यांची तक्रार. झोपायच्या तीन तास आधी जेवण उरका. उशांवर उशा रचून मान वर होते पण पोट दुमडतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा द्या. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, नाश्त्यानंतर नाही. सोडा तर नकोच, या नळीत गॅस जाणार कुठे!

आता खरा गॅस. दूध पूर्वी पचायचं आणि आता नाही हे बऱ्याच जणांचं होतं, दही-ताक मात्र चालून जातं. प्रोटीन पावडरने पोट फुगत असेल तर डब्यावर बघा, साधी व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) असेल तर व्हे आयसोलेट घेऊन बघा, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर अगदी कमी. शुगर फ्री चॉकलेटमधलं माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉलही जुलाब लावतं. उसळी सुरुवातीला साल काढलेल्या मुगाच्या, छोले-राजमा बऱ्याच नंतर.

संडास रोज होत नाही म्हणून घाबरू नका, खाणंच इतकं कमी की दोन-तीन दिवसांनी झाली तरी चालतं. पण खडा होत असेल तर पाणी कमी पडतंय, दिवसभर घोटघोट करत दीड ते दोन लिटर गेलं पाहिजे. लोहाच्या गोळीनेही होतं, ती मनाने बंद करू नका, बदलून मागा. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच, कारण कमी पाण्यात ते फुगून अडकतं.

पोट दुखलं म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी, खासकरून बायपासमध्ये, जोडावर अल्सर होतो. तंबाखू-सिगरेटनेही होतो. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी करा, वजन झपाट्याने उतरताना ते होतातच अनेकांना.

आणि घरी बसून बघायचं नाही असं काय? पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटदुखी किंवा नाडी १२० च्या वर. काळी डांबरासारखी किंवा रक्ताची संडास. बायपासनंतर वर्षांनीही अचानक पोटात जबरदस्त कळा, कारण आतडं आतल्या फटीत अडकू शकतं. आणि उलट्या थांबतच नसतील तर. यात अजून एक गोष्ट, दिवसेंदिवस उलट्या झाल्या की शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं, मग एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं सुरू होतं, आणि अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर ते आणखी बिघडू शकतं. कॅज्युअल्टीत गेलात की पहिल्यांदा सांगायचं, "माझी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायची सर्जरी झालीय, ग्लुकोजच्या आधी बी-१ द्यायचं का बघा". डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या आणि घरातल्या अजून एकाच्याही, कारण त्या वेळी तुम्ही बोलायच्या अवस्थेत असालच असं नाही.